एक्सएमएल फायलीतली माहिती डेस्कटॉप प्रोग्राममध्ये वाचणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कॉलेजचा प्रोजेक्ट करणारी मुलं आहेत, तसेच सोसायटी, उद्यमबागेतला कारखाना किंवा काजूचा व्यापार यांच्यासाठी विंडोजवर छोटे प्रोग्राम लिहून देणारेही आहेत. आपल्याकडच्या फायलींचं एक वेगळेपण आहे. एकाच नोंदीत नाव मराठीत, पत्ता कन्नडमध्ये आणि जीएसटी नंबर इंग्रजीत असतो. माणसाचं नाव जसं लिहिलंय तसंच पडद्यावर उतरलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे आणि बरीचशी उत्तरं त्याच आग्रहातून आली आहेत.

उदाहरणं मुख्यतः सी शार्पची आहेत. पायथन किंवा व्हीबी सिक्स जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे. क्लासची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आकडे या पानावर देवनागरीत असले तरी तुमच्या फायलीत ते इंग्रजीच ठेवा. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

१. एक्सएमएल म्हणजे नेमकं काय? नोटपॅडमध्ये उघडते म्हणजे साधी टेक्स्ट फाईलच ना?

हो, टेक्स्टच, पण नियम पाळणारी. हे नियम डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केले. पिग्मी (रोजची छोटी बचत) जमा करणाऱ्या एजंटाच्या मशीनमधून अशी फाईल येऊ शकते:

```
<पिग्मी तारीख="२०२४-०४-०३">
  <पावती क्रमांक="११४">
    <खातेदार>शांता</खातेदार>
    <गाव>येळ्ळूर</गाव>
    <रक्कम>५०</रक्कम>
  </पावती>
</पिग्मी>
```

सगळ्याला पोटात घेणारा मूळ टॅग एकच असतो, इथे तो ‘पिग्मी’. उघडलेला प्रत्येक टॅग बंद व्हायला हवा, आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद व्हायला हवा. इंग्रजी टॅग असतील तर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. ‘क्रमांक’सारखी टॅगच्या आत लिहिलेली माहिती म्हणजे ॲट्रिब्यूट. मुख्य नियम एवढेच आहेत, पण यातला एक जरी मोडला तरी पार्सर, म्हणजे फाईल वाचून तिचे भाग वेगळे करून देणारा तयार कोड, पुढे जात नाही. त्याने अंदाजाने काहीतरी वाचून चुकीची रक्कम दाखवण्यापेक्षा तिथेच थांबणं मला केव्हाही बरं वाटतं.

२. टेक्स्टच आहे तर ओळी वाचून स्प्लिट केलं तर काय बिघडतं? माझं तर चालतंय.

आज चालतंय, कारण आजची फाईल तुम्हाला पाहिजे तशी मांडलेली आहे. उद्या पाठवणाऱ्याने सगळी फाईल एका ओळीत दिली, दुहेरी अवतरणाच्या जागी एकेरी वापरलं, दोन ॲट्रिब्यूटची अदलाबदल केली किंवा मध्ये एक शेरा घातला, तरी एक्सएमएलच्या नियमाने ती फाईल तीच राहते. तुमचा स्प्लिट मात्र मोडतो. वाईट म्हणजे तो मोडला हे कळतही नाही, नुसती चुकीची माहिती पुढे जाते. दुकानाच्या नावात & असेल तर फायलीत ते सांकेतिक रूपात असतं; पार्सर ते परत & करून देतो, स्प्लिट देत नाही. पार्सर विंडोजबरोबर, डॉट नेटबरोबर, पायथनबरोबर फुकट येतो. वापरा.

३. एक्सएमएलडॉक्युमेंट, एक्सडॉक्युमेंट, एक्सएमएलरीडर यांतलं काय घेऊ?

हे तिन्ही डॉट नेटमधले एक्सएमएल वाचणारे क्लास आहेत. नवीन काम असेल तर एक्सडॉक्युमेंट. ते २००७ साली डॉट नेट ३.५ बरोबर आलं आणि लिहायला सुटसुटीत आहे. ‘पावती’ नावाचे सगळे टॅग मागायचे आणि प्रत्येकातून गाव, रक्कम काढायची, दहा ओळींत काम होतं. जुन्या प्रोग्राममध्ये एक्सएमएलडॉक्युमेंट असेल तर ते उगाच बदलत बसू नका, तेही नीट चालतं. एक्सएमएलरीडर फक्त मोठ्या फायलींसाठी (प्रश्न १२ आणि १३).

४. माहिती थेट ग्रिडमध्ये दाखवायची आहे. सर्वांत सोपा मार्ग?

डेटासेटची रीडएक्सएमएल ही मेथड. फाईल द्या, टेबल तयार, ते ग्रिडला जोडा. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला पुरेसं आहे. मात्र फायलीसोबत स्कीमा (कोणत्या रकान्यात काय असेल ते सांगणारं वर्णन) नसेल तर ती सगळे रकाने मजकूर म्हणून धरते, त्यामुळे रकमेच्या रकान्यावर क्रम लावला की १००० हे ५० च्या आधी येतात.

५. माझ्या लॅपटॉपवर चालतं, गिऱ्हाइकाकडे ‘फाईल सापडली नाही’ म्हणतो.

तुम्ही नुसतं फायलीचं नाव दिलंय. असं नाव प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालू झाला तिथे शोधलं जातं, आणि शॉर्टकटवरून उघडलं की तो फोल्डर वेगळा असू शकतो. प्रोग्रामसोबत दिलेली फाईल ॲपकॉन्टेक्स्टच्या बेसडिरेक्टरीवरून शोधा आणि व्हिज्युअल स्टुडिओत त्या फायलीवर ‘कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी’ लावा. प्रोग्रामला जी फाईल बदलायची आहे ती मात्र प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. तिची जागा युजरचा ॲपडेटा फोल्डर.

६. ‘डेटा ॲट द रूट लेव्हल इज इनव्हॅलिड, लाइन वन, पोझिशन वन’. फाईल तर बरोबर आहे!

फाईल बरोबरच असते, दहापैकी नऊ वेळा चूक बोलावण्यात असते. एक्सएमएलडॉक्युमेंटच्या लोडएक्सएमएलला आणि एक्सडॉक्युमेंटच्या पार्सला फायलीचा पत्ता नको असतो, प्रत्यक्ष मजकूर हवा असतो. पत्ता द्यायचा असेल तर लोड.

ते बरोबर असूनही हीच तक्रार आली तर मजकुराच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम नावाची खूण चिकटली असेल. बाइट स्वतः वाचून त्यांची स्ट्रिंग केली की ती खूण स्ट्रिंगमध्ये पहिलं अक्षर होऊन बसते. उपाय तोच: मध्ये स्ट्रिंग करू नका, फाईल सरळ लोडला द्या. आणि फायलीच्या पहिल्या घोषणेच्या (एक्सएमएलची आवृत्ती आणि अक्षरं साठवण्याची पद्धत सांगणारी ओळ) आधी मोकळी जागा किंवा रिकामी ओळ सोडू नका, त्यावरही पार्सर अडतो.

७. मराठी आणि कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसतात.

या भागातून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. आधी काय दिसतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक खुणेचं कारण वेगळं आहे.

चौकोन दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये ती लिपी नाही. विंडोज ८ पासून येणारा निर्मला यूआय हा फॉन्ट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो. ग्रिडला तो लावा, काम झालं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए दर दोन-तीन अक्षरांनी दिसत असेल तर यूटीएफ-८ मधली फाईल दुसऱ्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने, वाचली गेली आहे. देवनागरी असो वा कन्नड, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट तोच असतो, म्हणून तो ए परत परत येतो. ‘बेळगाव’ घ्या: ब, एकार, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, अठरा बाइट. इथेही माहिती वाचवता येते. एन्कोडिंग तुम्ही ठरवू नका, पार्सरला फाईल द्या. तो घोषणेतून ते ओळखतो, आणि घोषणा व बीओएम दोन्ही नसतील तर यूटीएफ-८ धरतो.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुतेक वेळा अक्षरं गेली. कुणीतरी फाईल एएनएसआय (मराठी-कन्नड अक्षरं न मावणारं जुनं एन्कोडिंग) म्हणून सेव्ह केली आणि त्या क्षणी ती पुसली गेली. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीच्या आधीचा नोटपॅड नवी फाईल मुळात एएनएसआयमध्येच सेव्ह करत असे, त्यामुळे जुन्या मशीनवर हे हमखास होतं. अशा वेळी दुरुस्तीत दिवस घालवू नका, मूळ फाईल परत मागवा. (अपवाद व्हीबी सिक्सचा, प्रश्न १६ पाहा.)

आणि नावांच्या जागी अर्थ न लागणारी इंग्रजी अक्षरं-चिन्हं असतील, पण डीटीपीवाल्याच्या मशीनवर तीच फाईल मराठी किंवा कन्नड दिसत असेल, तर ती युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. जुन्या श्रीलिपी किंवा नुडीतला मजकूर असाच येतो. त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने आधी युनिकोड करून घ्या, मग एक्सएमएलचा विचार करा.

८. रक्कम आणि तारीख कधी बरोबर येते, कधी चुकते. का?

तारखेचं आधी सांगतो. फायलीत ०३-०४-२०२४ लिहिलंय. आपण वाचतो तीन एप्रिल. पण ज्या मशीनवर विंडोजची मांडणी अमेरिकन आहे तिथे साधा पार्स त्याचे चार मार्च करतो. महिन्याचे पहिले बारा दिवस प्रोग्राम गुपचूप चुकतो आणि तेराव्या दिवशी बंद पडतो, कारण तेरावा महिना नसतो. लोक मला तेराव्या दिवशी फोन करतात. खरं नुकसान आधीच्या बारा दिवसांत झालेलं असतं. फाईल तुमच्या हातात असेल तर वर्ष-महिना-दिवस असं लिहा, एक्सएमएलची रूढ पद्धत तीच आहे. हातात नसेल तर पार्सएक्झॅक्ट वापरून मांडणी स्वतः सांगा.

रकमेसाठी डबल नको, डेसिमल घ्या. एक्सएलिमेंट सरळ डेसिमलमध्ये कास्ट केला तर मशीनची मांडणी आड येत नाही, पण १,२५,००० मधले स्वल्पविराम त्याला चालत नाहीत. देवनागरी किंवा कन्नड आकडे तर डॉट नेट संख्या म्हणून वाचतच नाही. पायथन मात्र ते वाचतो, म्हणून एकच फाईल एका मित्राकडे चालते आणि दुसऱ्याकडे अडते. फायलीत इंग्रजी आकडे, दाखवताना हवे ते आकडे, अशी वाटणी ठेवा.

९. काजूचा एचएसएन कोड ०८०१ आहे, प्रोग्राममध्ये ८०१ येतो.

एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड. कोड संख्या नाही, मजकूर आहे. ज्याची बेरीज करायची नाही ते संख्येत घेऊ नका: एचएसएन, पिन, फोन, खाते क्रमांक. जीएसटी नंबरही १५ अक्षरांची स्ट्रिंगच ठेवा. त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्याचा कोड; ते आपल्याला फार उपयोगी पडतात, कारण खानापूरचा माल महाराष्ट्रातल्या चंदगडला गेला तर २७, गोव्याला गेला तर ३०, कर्नाटकातच राहिला तर २९, आणि कर कोणता लावायचा हे ठरवताना राज्य लागतंच.

१०. एखाद्या नोंदीत फोन नसेल तर प्रोग्राम बंद पडतो.

टॅग नसणं आणि टॅग रिकामा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅगच नसेल तर एलिमेंट मागितल्यावर नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो आणि नलचं व्हॅल्यू मागितलं की प्रोग्राम कोसळतो. व्हॅल्यू न मागता एलिमेंट सरळ स्ट्रिंगमध्ये कास्ट करा. नसेल तर नल, रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंग.

११. टॅग डोळ्यांसमोर आहे, तरी शोधल्यावर एकही मिळत नाही.

मूळ टॅगमध्ये एक्सएमएलएनएस असं काही लिहिलंय का बघा. तो नेमस्पेस, म्हणजे त्या फायलीतल्या सगळ्या टॅगचं आडनाव. तुम्ही नुसत्या नावाने हाक मारताय. आयएसओ २००२२ नमुन्यातली बँकेची फाईल अशीच असते. एक्सडॉक्युमेंटमध्ये एक्सनेमस्पेस घेऊन तो नावाला जोडा. एक्सपाथ (टॅग शोधायची भाषा) वापरत असाल तर नेमस्पेस मॅनेजरमध्ये एखादी उपाधी (प्रीफिक्स) नोंदवा आणि शोधताना ती लावा; फायलीत उपाधी नसली तरी तुम्हाला लावावीच लागते, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. पायथनच्या एलिमेंटट्रीत नेमस्पेसचा पत्ता महिरपी कंसात नावाच्या आधी येतो.

१२. फायलीत शंभर पावत्या आहेत, प्रोग्राम पन्नासच दाखवतो.

हे माझ्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये झालंय. एका सोसायटीत पिग्मीची फाईल वाचायला मी एक्सएमएलरीडर वापरला होता. कित्येक महिने सुरळीत चाललं. एक दिवस फोन आला: एजंटाची रोकड आणि पडद्यावरची बेरीज जुळत नाही, पडद्यावर जवळपास निम्मीच दिसते. मी पोचलो तेव्हा तो माणूस काउंटरपाशी नोटा परत परत मोजत उभा होता. त्याच्याकडे पैसे जास्त आहेत म्हणजे त्याने पावत्या लपवल्या, असा सूर निघायला लागला होता. फायलीत २१२ पावत्या होत्या. प्रोग्राम १०६ दाखवत होता.

झालं होतं असं. लूपमध्ये दर फेरीला रीड, आणि ‘पावती’ सापडली की एक्सनोडच्या रीडफ्रॉमने ती अख्खी उचलायची, असा माझा कोड होता. रीडफ्रॉम पावती उचलून तिच्या पुढच्या जागी जाऊन उभा राहतो. पूर्वी दोन पावत्यांच्या मध्ये नवी ओळ असायची, लूपचा रीड ती ओळ खायचा आणि सगळं जुळायचं. मशीनच्या नव्या अपडेटनंतर फाईल एका ओळीत यायला लागली. आता रीडफ्रॉम थेट पुढच्या पावतीवर थांबायचा, आणि लूपचा रीड तिच्या आत उडी मारायचा. दर दुसरी पावती गायब.

दुरुस्ती: फाईल संपेपर्यंत फिरा, पावतीवर उभे असाल तर रीडफ्रॉम, नसाल तरच रीड. दोन्ही एका फेरीत कधीच नाही. रीडएलिमेंटकंटेंटॲजस्ट्रिंगही असाच पुढे सरकतो, त्यालाही हेच लागू. आणि तपासताना एक फाईल मांडलेली, एक सलग एका ओळीतली, अशा दोन्ही चालवून बघा. त्या दिवसापासून मी वाचलेल्या पावत्यांची संख्या पडद्यावर ठळक दाखवतो, म्हणजे कागदाशी ताडून बघता येते.

१३. फाईल तीनशे एमबीची आहे. प्रोग्राम ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होतो.

दोन वेगळी दुखणी आहेत. एक्सडॉक्युमेंट पूर्ण फाईल मेमरीत उभी करतो आणि त्याला फायलीच्या आकाराच्या कितीतरी पट जागा लागते. ३२ बिटच्या प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मिळते. तिथे एक्सएमएलरीडरने एकेक नोंद उचला (प्रश्न १२ मधली काळजी घेऊन). पायथनमध्ये इटरपार्स, आणि वाचून झालेला एलिमेंट क्लिअर करायला विसरू नका. दुसरं, वाचन बटणाच्या क्लिकमध्येच चालवू नका, टास्कमध्ये टाका, म्हणजे खिडकी जिवंत राहते.

१४. टॅगची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

चालतात, वरचं उदाहरण तसंच आहे. पण दोन खड्डे आहेत. डॉट नेटचा पार्सर एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीचे नियम पाळतो आणि त्यातली अक्षरांची यादी जुन्या युनिकोडवर बेतलेली आहे. मराठीसाठी नंतर आलेलं ‘ॲ’ त्या यादीत नाही. म्हणून ‘ॲडव्हान्स’ नावाचा टॅग चालत नाही, ‘उचल’ चालतो. दुसरा खड्डा ‘गिऱ्हाईक’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. पहिला चालतो, दुसऱ्यावर पार्सर अडतो, आणि दोन्ही दिसायला सारखे! हे बंधन टॅगच्या नावापुरतंच आहे. टॅगच्या आतल्या मजकुरात काहीही लिहा.

१५. गावाच्या नावाने शोधलं तर काही नोंदी सुटतात, नाव तर तेच आहे.

दिसायला तेच, आतून वेगळं. ‘कऱ्हाड’ मधला ऱ एक चिन्ह म्हणूनही साठवता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. पार्सर यात ढवळाढवळ करत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ लावा, हे दोन एक होतात. जॉइनरवाला अर्धा र (प्रश्न १४) मात्र त्याने जुळत नाही, ‘ॲ’ आणि ‘अ वर चंद्र’ हेही नाही. त्यांची बदली स्वतः करावी लागते. टॅगच्या आत मजकुराभोवती नवी ओळ किंवा जागा असेल तर ट्रिमही करा.

शिवाय नावंच बदलली आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी. जुन्या फायलीत एक, नव्या फायलीत दुसरं. पर्यायी नावांची वेगळी यादी ठेवा आणि शोधताना ती वापरा. मूळ नोंदीतलं नाव मात्र बदलू नका. माणसाने आपलं गाव जसं सांगितलं तसं ते तिथे राहू द्या.

१६. आमचा प्रोग्राम अजून व्हीबी सिक्समध्ये आहे. काय करू?

एमएसएक्सएमएल ६ हा विंडोजचा पार्सर वापरा. लोडच्या आधी एसिंक फॉल्स करा, नाहीतर फाईल पूर्ण वाचून होण्याआधीच पुढची ओळ चालते. लोड चुकला तरी एरर येत नाही, नुसता फॉल्स परत येतो; तो तपासा आणि पार्सएररमधलं कारण दाखवा. व्हीबी सिक्सचे स्वतःचे टेक्स्टबॉक्स युनिकोड दाखवत नाहीत. त्यात प्रश्नचिन्हं दिसली तरी आतली स्ट्रिंग शाबूत असू शकते, म्हणून घाबरून मूळ फाईल बदलू नका.

१७. एका हिशोबाच्या प्रोग्रामची फाईल ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून अडते.

फायलीत & आणि # पुढे ४ असा संकेत शोधा. ज्यांचा क्रमांक ३२ च्या खाली आहे अशा चिन्हांपैकी फक्त टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं एक्सएमएल १.० ला चालतात, बाकी नाहीत. एक्सएमएलरीडर सेटिंग्जमध्ये चेककॅरॅक्टर्स फॉल्स केलं की असे संकेत वाचले जातात. मात्र दुकानाच्या नावात नुसता उघडा & पडलेला असेल, ‘अमुक & सन्स’ असा, तर कुठलीच सेटिंग कामाला येत नाही. पाठवणाऱ्याने फाईल स्ट्रिंगा जोडून बनवली आहे, त्याला सांगा.

१८. बाहेरून आलेली एक्सएमएल धोकादायक असू शकते का?

हो. फायलीच्या सुरुवातीला डीटीडी (फायलीची रचना आणि संक्षेप ठरवणारा भाग) घालून पार्सरला तुमच्या मशीनवरची दुसरी फाईल उघडायला लावता येतं, किंवा एका शब्दाचे कोट्यवधी शब्द करून मेमरी संपवता येते. डॉट नेट ४ पासून एक्सएमएलरीडर डीटीडी मुळातच नाकारतो. इंटरनेटवरचं उत्तर वाचून ती सेटिंग ‘पार्स’वर नेऊ नका.

१९. कधी कधीच ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाईल’ येतं, पुन्हा उघडलं की ठीक.

समोरचा प्रोग्राम फाईल अजून लिहितोय आणि तुम्ही अर्धीच वाचताय. लिहिणारा प्रोग्रामही तुमचाच असेल तर आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा, मग खऱ्या नावाने रिनेम करा. तो तुमचा नसेल तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, आणि मूळ टॅग बंद झालेला मिळेपर्यंत त्यातली एकही पावती जमा धरू नका.